रिपोर्ट जंतूचा, पथ्य मात्र नानांना

पत्र

ताई, आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. माझे सासरे, आम्ही सगळे नानाच म्हणतो, ७४ वर्षांचे आहेत. ऑक्टोबरात त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. लघवीची नळी होती. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. रक्ताच्या कल्चरमध्ये ‘ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह’ निघालं. रिपोर्टात पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम या औषधापुढे ‘एस’ होतं, म्हणजे ते लागू पडतं, तरी डॉक्टरांनी सात दिवस मेरोपेनेम दिलं. बिल बघून घरात वाद झाले. आता नळी निघाली, ताप नाही, जळजळ नाही, नाना ठणठणीत आहेत. पण यांचा एक मित्र औषध कंपनीत एमआर आहे, तो म्हणाला एकदा खात्री करून घ्या. म्हणून महिन्यानं लघवीचं कल्चर केलं. त्यात ‘क्लेबसिएला न्यूमोनिए, एक लाखाच्या वर, कार्बापेनेमेज पॉझिटिव्ह, एमबीएल प्रकार’. खाली सगळ्या औषधांपुढे ‘आर’, म्हणजे लागू पडत नाही, फक्त कोलिस्टिनपुढे ‘आय’, म्हणजे मधलंच. मित्र म्हणतो चौदा दिवस इंजेक्शनं लावा. त्यात नणंद आठव्या महिन्यात बाळंतपणाला येते आहे. सासूबाईंनी नानांचं ताट-वाटी वेगळं केलं, खाट वरच्या खोलीत टाकली, स्वयंपाकघरात यायला बंदी. संध्याकाळचा चहा नेहमी नाना करायचे. आता ते कोणाशी बोलत नाहीत. हॉस्पिटलनं आम्हाला लुबाडलं का? हा जंतू आला कुठून? यावर औषधच उरलं नाही हे खरं का? नाना एवढंच विचारतात, की उत्तरायणला, संक्रांतीच्या पतंगांना, गच्चीवर येऊ का.
— एक सून

उत्तर

सूनबाई (नाव लिहिलं नाहीत, म्हणून हेच म्हणते), गच्चीचं शेवटी सांगते. आधी ती चौदा दिवसांची इंजेक्शनं.

नानांना ताप नाही, हुडहुडी नाही, जळजळ नाही. मग इंजेक्शन द्यायचं कशाला, कागदाला? उतारवयात, त्यातून प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आणि नुकतीच नळी निघालेल्या माणसाच्या लघवीत जंतू सापडणं ही रोजची गोष्ट आहे. त्यांनी तिथे बिऱ्हाड केलेलं असतं, पण घरमालकाशी भांडण नसतं. लक्षणं नसताना लघवीत नुसते जंतू दिसले तर अँटिबायोटिक द्यायचं नाही, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. जंतू साधा आहे की वर्तमानपत्रवाल्यांचा ‘सुपरबग’, यानं त्यात फरक पडत नाही. मोठे अपवाद दोनच: गरोदर बाई, आणि मूत्रमार्गात आतून इजा होईल अशा ऑपरेशनला निघालेला माणूस. नानांचं ऑपरेशन होऊन गेलं. तो ‘एक लाख’ आकडा म्हणजे एका मिलिलिटरमधल्या जंतूंचा हिशोब. १९५० च्या दशकात ही रेघ ओढली गेली, आणि तेव्हापासून लोक तिच्याकडे साखरेच्या आकड्यासारखं बघतात. एक लाख म्हणजे आजार, असं ती रेघ म्हणत नाही.

तुमच्या यूरोलॉजिस्टना मात्र रिपोर्ट दाखवा आणि हे वाचूनही दाखवा. मी नानांना तपासलेलं नाही, त्यांनी तपासलं आहे. मित्राला दाखवू नका.

ही चूक माझ्या हातून झालेली आहे, तीही घरातच. मी तीस वर्षं जंतूंच्या प्रयोगशाळेत काढली. आई अठ्ठ्याहत्तरची असताना म्हणाली, लघवीला वास येतो गं. ताप नाही, काही नाही. मी काय केलं असेल? बाटली भरून घेऊन गेले. प्लेटवर जंतू आले, ईएसबीएल निघाला, अमिकासिनपुढे ‘एस’. आमच्या डॉक्टरांची इच्छा नव्हती, मीच मागे लागले. दहा दिवस इंजेक्शनं झाली. आईच्या कानात आधी शिट्ट्या वाजायला लागल्या, मग ऐकूच कमी यायला लागलं. अमिकासिन कानाला आणि किडनीला लागतं, हे मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले होते. पुढच्या महिन्यात पुन्हा कल्चर केलं (बघा, तरी सुधारले नाही), तर तोच जंतू आपल्या जागी बसलेला. पुढे आई जाईपर्यंत आम्ही तिच्याशी ओरडून बोलायचो. म्हणून ‘एकदा खात्री करून घ्या’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता तो रिपोर्ट. त्यातल्या मोठमोठ्या शब्दांनी तुमच्या घरात जेवणाची ताटं वेगळी झाली, तेव्हा ते शब्द उघडून बघायला हवेत.

पेनिसिलीन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन, मेरोपेनेम ही सगळी एका कुळाची औषधं. प्रत्येकाच्या पोटात एक चौकोन असतो, तीन कार्बन आणि एक नायट्रोजन यांचा. बडोद्यात पतंगाशिवाय काही समजावता येत नाही, तर तो चौकोन म्हणजे पतंग समजा, चांगला ताणलेला. जंतू आपल्या अंगाभोवतीची भिंत सतत विणत असतो. विणणारं जे प्रथिन असतं, ते या चौकोनाला आपलाच कच्चा माल समजून पकडतं आणि त्यातच अडकून पडतं. भिंत अर्धवट राहते, जंतू फुटतो. औषधाचं काम एवढंच.

रिपोर्टातला ‘एज’वर संपणारा शब्द, लॅक्टमेज, कार्बापेनेमेज, म्हणजे जंतूनं बनवलेलं एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात, घरात कोणी म्हणत नाही. हे एन्झाइम पाण्याचा एक रेणू वापरून चौकोनाची एक बाजू तोडतं. ढढ्ढा, म्हणजे मधली काडी, मोडलेल्या पतंगाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि हे काम सावकाश चालत नाही. टेम-१ नावाचं जे जुनं, सर्वत्र पसरलेलं एन्झाइम आहे, त्याचा एक रेणू सेकंदाला हजाराच्या घरात पेनिसिलिनचे रेणू मोडतो. जंतूच्या अंगात असे रेणू भरपूर, त्यामुळे डोस दुप्पट करून काही साधत नाही.

माणसानंही डाव टाकला. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड तुमच्या घरात कधी ना कधी आलेलं आहे, ॲमॉक्सिसिलिनबरोबर, नावात ‘क्लॅव्ह’ असलेल्या त्या मोठ्या गोळीत. ते स्वतः जंतू मारत नाही म्हटलं तरी चालेल. पण त्याच्याही पोटात तोच चौकोन असतो. एन्झाइम त्याच्यावर धावतं, तोडायला जातं, आणि अडकतं ते कायमचं. आपल्याकडे पतंग नसलेली पोरं दोऱ्याला दगड बांधून लंगर टाकतात ना, तसं. टॅझोबॅक्टम हाही लंगरच.

‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ कसं ठरतं, तेही यातच आलं. जंतू पसरलेल्या प्लेटवर दोन चकत्या ठेवतात, एक नुसत्या सेफ्टाझिडिमची, दुसरी त्याच औषधात क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घातलेली. रात्रभर ठेवलं की चकतीभोवती जंतू न वाढलेलं गोल मैदान दिसतं. दुसरं मैदान पहिल्यापेक्षा ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त रुंद निघालं, तर लंगर लागला, म्हणजे एन्झाइम आहे. इतकी वर्षं प्लेटवर पट्टी धरून मैदानं मोजली, अजून कुठे गोल दिसला की हात खिशातली पट्टी शोधतो.

ईएसबीएल म्हणजे पेनिसिलिनच्या पुढे जाऊन सेफ्ट्रिॲक्झोनसारखी नंतरची औषधंही मोडणारी एन्झाइमं. १९८३ मध्ये जर्मनीतून पहिली नोंद झाली. आज आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे सीटीएक्स-एम-१५. तो १९९९ मध्ये दिल्लीतल्या रुग्णांपासून काढलेल्या जंतूंमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला. त्याचं मूळ जनुक सापडतं क्लायव्हेरा नावाच्या गरीब जंतूत, जो माती-पाण्यात पडून असतो आणि सहसा कोणाच्या वाटेला जात नाही. तिथून ते जनुक प्लाझ्मिडवर चढलं. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं छोटं कडं, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारं, आणि त्यासाठी दोघं एका जातीचे असायची गरज नाही. रुखवताची थाळी या घरातून त्या घरात जावी तसं ई. कोलायचं क्लेबसिएलाकडे जातं.

आता तुमचा लुबाडण्याचा प्रश्न. रिपोर्टात टॅझोबॅक्टमवाल्या औषधापुढे ‘एस’ असताना मेरोपेनेम का दिलं? डॉक्टरांचं बरोबर होतं. नेमक्या याच प्रश्नावर मेरिनो नावाची मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. रक्तात ई. कोलाय किंवा क्लेबसिएला, सेफ्ट्रिॲक्झोनला न जुमानणारे, पण पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टमपुढे ‘एस’, असेच रुग्ण त्यात घेतले होते. अर्ध्यांना ते दिलं, अर्ध्यांना मेरोपेनेम. तीस दिवसांत पहिल्या गटातले १२.३ टक्के दगावले, दुसऱ्यातले ३.७ टक्के. प्लेटवरचा ‘एस’ प्लेटवर खरा असतो. तिथे जंतू मोजूनमापून टाकलेले असतात, रक्तात हुडहुडी भरलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसात तसं नसतं. सात दिवसही योग्य होते, ताप उतरला असेल तर ते पुरतात. बिलातल्या आकड्याबद्दल मला इथून काही सांगता येणार नाही. मेरोपेनेमचे डझनावारी ब्रँड आहेत आणि छापील किमतींत बरीच तफावत असते, तेव्हा तपशीलवार बिल मागून ब्रँड आणि बाटल्यांची संख्या पडताळा. पण औषध निवडलं ते तुम्हाला लुबाडायला नव्हे.

याच मेरोपेनेमची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ते सात दिवस नानांच्या आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंचाही सुपडा साफ करत होते. जागा मोकळी झाली की ज्याला मेरोपेनेम लागत नाही तो येऊन बसतो. तुमचा क्लेबसिएला असाच वर आला असण्याची दाट शक्यता आहे. जीव वाचवायला दिलेल्या औषधाचा हा कर आहे, तो तेव्हा भरायलाच हवा होता. आता लक्षण नसताना आणखी चौदा दिवस म्हणजे तोच कर पुन्हा, आणि या वेळी बदल्यात काही नाही.

‘एमबीएल’ म्हणजे मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज. आपल्याकडे त्यातलं नेहमीचं म्हणजे एनडीएम. यांची तोडण्याची तऱ्हा निराळी. बाकीची बरीच एन्झाइमं स्वतः चौकोनाला चिकटून तोडतात, म्हणून लंगराला सापडतात. हे जस्ताचे दोन अणू हाताशी धरतं आणि त्यांच्या बळावर पाण्याकडून चौकोन तोडून घेतं, स्वतः चिकटत नाही. त्यामुळे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, टॅझोबॅक्टम, आणि नंतर आलेलं अव्हिबॅक्टम, तिघेही हात हलवत परत येतात. मेरोपेनेम तर जातंच. प्रयोगशाळेत हे ओळखतात त्याची गंमत आहे: मेरोपेनेमची चकती जंतूंच्या मिश्रणात चार तास भिजवतात, मग काढून एका साध्या, गुणी ई. कोलायच्या प्लेटवर ठेवतात. चकतीत औषध शिल्लक असेल तर मैदान मोठं पडतं. आतल्या जंतूनं औषध खाऊन टाकलं असेल तर गुणी जंतू चकतीला खेटून वाढतो. मग तीच चाचणी जस्त पकडून ठेवणारं रसायन घालून करायची. आता औषध वाचलं, तर चोर जस्तवाला.

म्हणजे औषध नाही? आहे. अझ्ट्रिओनॅम नावाचं जुनं औषध एनडीएमला मोडता येत नाही. पण अशा जंतूकडे बहुधा ईएसबीएलही असतं, आणि ते अझ्ट्रिओनॅम मोडतं. म्हणून सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम आणि अझ्ट्रिओनॅम एकत्र देतात. अव्हिबॅक्टम ईएसबीएलला अडकवतं, अझ्ट्रिओनॅम काम करतं. महाग आहे, हॉस्पिटलातच द्यायचं आहे, पण उद्या नाना खरंच आजारी पडले तर दार बंद नाही. कोलिस्टिनपुढच्या ‘आय’नंही घाबरू नका. २०२० पासून अमेरिकी मापदंडात कोलिस्टिनला ‘एस’ ही पायरीच ठेवलेली नाही, ‘आय’ किंवा ‘आर’ एवढंच. बिचाऱ्याला पहिला वर्ग मिळूच शकत नाही. ते किडनीला जड आहे, आणि म्हणून चांगलं दुसरं असेल तर डॉक्टर तिकडे जात नाहीत.

एनडीएम या नावावरून आठवलं. पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण सासूबाईंना खरी लाज कशाची वाटते आहे, याचा मला अंदाज आहे. घरात ‘असला’ जंतू आला, शेजारपाजारी कळलं तर? यात नानांचा दोष शोधू नका. टेम-१ मधलं ‘टेम’ ही अथेन्समधल्या एका रुग्णाच्या नावाची अक्षरं आहेत. १९६० च्या दशकात त्या रुग्णाच्या रक्तातल्या ई. कोलायमध्ये ते सापडलं, आणि आजाराशी झुंजणाऱ्या एका माणसाचं नाव जगभरच्या प्रयोगशाळांत चिकटून बसलं. एनडीएममधलं ‘एनडी’ म्हणजे नवी दिल्ली. स्वीडनमध्ये राहणारा भारतीय वंशाचा एक रुग्ण दिल्लीत हॉस्पिटलात राहून परत गेला, २००८ मध्ये त्याच्याकडे हा क्लेबसिएला सापडला, आणि शहराचं नाव लागलं. २०१० मध्ये त्यावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता! रागवायला कारण होतं, असं मला तेव्हाही वाटलं. पण २०११ मध्ये दिल्लीच्या साचलेल्या पाण्यात आणि काही नळांच्या पाण्यातही तेच जनुक सापडलं. त्याच्या बातम्यांपेक्षा नावाच्या बातम्या जास्त छापल्या गेल्या, हे मात्र मला खटकलं.

हा जंतू ‘आला कुठून’ याचं नेमकं उत्तर रिपोर्ट देत नाही, कोणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिला ई. कोलाय बहुधा नानांच्याच आतड्यातला होता, नळीच्या वाटेनं वर गेला. दुसरा हॉस्पिटलात कोणाच्या हातावरून, सिंकवरून, शेजारच्या खाटेवरून आला असू शकतो. हॉस्पिटलला संसर्ग नियंत्रण समिती असते, तिला लेखी कळवा. भांडायला नव्हे, त्यांच्याकडे आणखी कोणाला हाच जंतू आहे का हे त्यांना बघता यावं म्हणून. आणि एक प्रश्न घरात विचारा: गेल्या वर्षभरात नानांनी काय काय गिळलं? सर्दीला दुकानातून तीन गोळ्या, पोट बिघडलं की दोन? सेफिक्झिमसारखी औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव दुकानदारानं वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ती वही कधी उघडलेली पाहिली आहे? मी पाहिली आहे, दोनदा. दोन्ही वेळा तपासनीस आला होता तेव्हा.

मात्र औषधांनीच हे सगळं जन्माला घातलं असंही नाही. ऑक्सफर्डला एब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी पेनिसिलीन मोडणारं एन्झाइम १९४० मध्ये ई. कोलायमधून काढलं. आजारावर पेनिसिलीन घेणारा पहिला रुग्ण म्हणून प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या पोलिसाला ते टोचलं गेलं १९४१ च्या फेब्रुवारीत. म्हणजे कुलूप विकायला येण्याआधीच किल्ली जंतूच्या खिशात होती. अलास्काजवळच्या प्रदेशातल्या तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीतही अशी जनुकं मिळाली आहेत. बुरशी आणि जंतू यांचं हे जुनं वैर, आपण मध्येच येऊन एका बाजूची हत्यारं घाऊक बनवायला लागलो. आपल्या बडोद्यात तर हे सांगायलाच नको, अलेंबिक ही औषध कंपनी इथे १९०७ पासून आहे आणि १९६१ पासून तिथे पेनिसिलीन बनलं. दांडिया बाजारात असं मराठी घर शोधून दाखवा, ज्यातलं कोणी अलेंबिक किंवा साराभाईला नव्हतं. माझे मामा होते. ते घरी आले की पोरांनी त्यांचा डबा हुंगायचा असा नियम होता, पेनिसिलिनचा वास येतो का म्हणून. यायचा तो बटाट्याच्या भाजीचा.

आता घर. सासूबाईंना हा भाग वाचून दाखवा, सौम्यपणे, त्या घाबरल्या आहेत.

हा जंतू हवेतून उडत नाही, शिंकेतून येत नाही. तो आतड्यात आणि लघवीत आहे, आणि प्रवास करतो तो हातावरून. म्हणून ताट-वाटी वेगळी करून काही मिळत नाही, नेहमीच्या साबणानं घासलं की झालं. खाट खाली आणा. संडासातून आल्यावर साबणानं हात, नखांच्या कडांसकट, नानांनीही आणि तुम्हीही. नानांचा टॉवेल वेगळा असू दे, हात पुसायचा नॅपकिन रोज बदला. कपडे नेहमीसारखे धुऊन उन्हात. संडासाची बैठक, फ्लशचं बटण आणि नळाची चावी रोज पुसली तर उत्तम. घरातल्या बाकीच्यांच्या तपासण्या करत सुटू नका. सापडलं तरी कोणाला काही द्यायचं नाही, मग शोधून करणार काय? नानांचा जंतू हळूहळू मागे पडेल, काहींचा महिन्यात, काहींचा वर्षभर रेंगाळतो. घालवायचं खात्रीचं औषध नाही. दही खायला हरकत नाही, पण ते जेवण म्हणून, उपचार म्हणून नव्हे.

चहा? हात धुऊन नानांनी चहा करावा. चहा उकळतो, सूनबाई. मटारही सोलावेत, ते पुढे शिजणारच आहेत. कोशिंबिरीची काकडी हवं तर काही दिवस तुम्ही चिरा.

नणंदेला येऊ द्या. तिच्या डॉक्टरांना मात्र आधी सांगा, की घरात एका माणसाकडे असा जंतू आहे. नवजात बाळाचा प्रश्न मी हलका करत नाही: कमी दिवसांची, अशक्त, काचेच्या पेटीतली बाळं अशा जंतूंनी खरंच दगावतात. पण पूर्ण दिवसांचं, अंगावर पिणारं, घरी असलेलं बाळ ही वेगळी गोष्ट आहे. बाळाला हात लावण्याआधी हात धुवायचे, हा नियम आजोबांना एकट्याला नको. बारशाला येणाऱ्या सगळ्या मावश्या-काकवांना लावा, आणि तो पाळला जातो का हे बघायला दाराशी नानांनाच बसवा. नणंदेची स्वतःची लघवी तपासलेली नसेल तर ती तपासा. वर सांगितलेल्या अपवादात ती बसते, तिच्याकडे लक्षणाशिवाय जंतू निघाले तरी औषध द्यावं लागतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हुडहुडी भरून ताप आला, कुशीत दुखायला लागलं, नव्यानं जळजळ सुरू झाली, लघवी अडली, किंवा तापाबरोबर नाना असंबद्ध बोलायला लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, हा रिपोर्ट हातात घेऊन हॉस्पिटल गाठा. तेव्हा हाच कागद सोन्याचा आहे, कारण पहिलंच औषध बरोबर पडेल. आणि पुढे कधीही, मोतीबिंदूसाठी असो की गुडघ्यासाठी, नाना ॲडमिट झाले तर दोन्ही रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा आणि नर्सबाईंना तोंडी सांगा. कदाचित नानांना वेगळी खोली देतील, हातमोजे घालून येतील. तिथे वेगळं ठेवण्यात अर्थ आहे, शेजारच्या खाटेवर नळ्या-सुया लावलेला माणूस असतो. घरी तसं कोणी नाही. मधल्या काळात ‘सहज’ म्हणून लघवीचं कल्चर करायचं नाही. लघवीला वास आला, थोडी गढूळ दिसली, तर आधी दोन तांबे पाणी जास्त प्यायला सांगा.

राहिली गच्ची. प्रोस्टेटच्या ऑपरेशनला १४ जानेवारीपर्यंत जवळजवळ तीन महिने होतील. जिने चढायला सर्जननी ना म्हटलं नसेल तर नानांना जरूर जाऊ दे. ऊन डोक्यावर येण्याआधी, पाण्याची बाटली बरोबर घेऊन. उंधियू सगळ्यांच्या पंगतीत, त्याच ताटात. पतंग नाना उडवणार की फिरकी धरणार, ते मात्र त्यांनाच विचारा.